तुमच्या दिवाणाच्या जागी

आत्याबाई,

साष्टांग नमस्कार लिहिला असता, पण माझ्या गुडघ्याचं तुम्हाला ठाऊकच आहे. बसल्या जागेवरून हात जोडलेत, ते गोड मानून घ्या.

पत्राचं कारण असं, की उद्या सकाळी अकरा वाजता तुमच्या जागेवर एक लाकडी वस्तू येणार आहे. तिला साइडबोर्ड म्हणतात. तुम्ही असता तर पहिला प्रश्न विचारला असता, "हे करतं काय?" मी दीड महिना याच प्रश्नाचं उत्तर शोधतेय आणि अजून नीट सापडलेलं नाही. पण वस्तू ठरली, टेम्पो ठरला, आणि तुम्हाला न सांगता तुमची जागा दुसऱ्या कुणाला दिली असं व्हायला नको. चोवीस वर्षांत तुम्हाला न विचारता मी या घरातली कढईसुद्धा हलवली नाही. म्हणजे हलवली, पण तुम्ही ती रोज परत जागेवर ठेवलीत.

तुमची जागा म्हणजे जेवणाच्या खोलीतली, फ्रिज आणि खिडकी यांच्या मधली भिंत. शेवटची सहा वर्षं तुमचा दिवाण तिथं होता. आम्ही तुम्हाला चांगली मागची खोली दिली होती. पंखा, टीव्ही, संडास लागून. तुम्ही दोन दिवस काढलेत आणि म्हणालात, "मी काय आजारी हाये का, मला तिकडं टाकायला?" आणि दिवाण इकडं आला, डायनिंग टेबलाला पाय लागेल इतक्या जवळ. आल्यागेल्याला मी सांगायचे, त्यांना खिडकीची हवा लागते. हवा कसली! तुम्हाला ताटं दिसायला हवी होती.

आणि काय नजर हो तुमची! खिडकीखाली उभी असलेली रिक्षा दिसायची नाही, पण दिगूच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, ताटात तिसरी भाकरी आली नाही हे बरोबर दिसायचं. ते हात धुवायला उठले की तुम्ही म्हणायच्या, "अर्धी घे."

"आई, पोट भरलं."

"दिसतंय ना मला. अर्धी घे."

पंचावन्न वर्षांचा माणूस, वाळूजच्या कारखान्यात चाळीस लोक हाताखाली, परत खुर्चीत बसायचा आणि तोंड फुगवून अर्धी भाकरी खायचा. मी मनात म्हणायचे, हा काय जुलूम? माणसाची भूक माणसाला कळत नाही का? कधीकधी मनात न म्हणता मोठ्यानंही म्हणायचे. तुम्ही ऐकू न आल्यासारखं करायच्या, आणि कान तर तुमचे शेवटपर्यंत शाबूत होते.

तुम्ही गेलात त्याला सात महिने झाले. तेराव्याला शय्यादान ठरलं. गेलेल्या माणसाच्या नावानं गुरुजींना खाट आणि अंथरूण-पांघरूण द्यायचं. गुरुजी व्यवहारी माणूस. म्हणाले, एखादी घडीची खाट आणा, आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. पण यांनी हट्ट धरला, आईचा दिवाणच द्यायचा. चौघांनी तो उचलला, त्यात एकाची कंबर धरली. गुरुजी जिन्यात घाम पुसत म्हणाले, "आजी तर एवढ्याशा होत्या हो, मग दिवाण कसा इतका जड?" सगळे हसलो. तुमच्या तेराव्याला हसलो, माफ करा. त्या जडपणाचा अर्थ आम्हाला तेव्हाच लागायला हवा होता.

दिवाण गेला आणि भिंत उरली. भिंतीवर डाग. तुम्ही उशी न घेता टेकून बसायच्या, तिथं सहा वर्षांच्या खोबरेल तेलाचा ताटलीएवढा गोल डाग पडलाय. मी एकदा साबणाचं फडकं घेऊन गेले होते. यांनी नुसतं पाहिलं. मी फडकं घेऊन परत आले.

त्यानंतर हे टेबलाशी जेवेनासे झाले. आधी ओट्यापाशी, उभ्यानं. मग हॉलमध्ये टीव्हीसमोर, ताट मांडीवर घेऊन. विचारलं तर म्हणाले, तिकडं वारा लागत नाही. आत्याबाई, पंखा टेबलाच्या बरोबर डोक्यावर आहे! दीड भाकरीवर आले. पट्ट्याला खिळ्यानं घरीच नवीन भोक पाडलं. रडले नाहीत, बोलत नाहीत, काहीही विचारलं तर "बरंय" म्हणतात. मी एकटी टेबलाशी जेवते, समोर ती भिंत. मला फार काही नको होतं. हा माणूस परत त्याच्या खुर्चीत येऊन बसावा, एवढंच. आणि त्यासाठी त्या भिंतीशी काहीतरी उभं केलं पाहिजे, इथपर्यंत माझी अक्कल चालली.

तुमच्या नातीला पुण्याला फोन केला. ऋतू म्हणाली, "आई, तिथे साइडबोर्ड ठेव. अँटिक घे, व्हिंटेज घे, नाहीतर नवा घे. पण आधी ठरव, तुझी स्टाइल काय?" एक्कावन्न वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, आधी मला या तिन्हींतला फरक सांग. तर शंभर वर्षं झाली की अँटिक, आणि चाळीस-पन्नास झाली की व्हिंटेज. म्हणजे मी व्हिंटेज झाले, आणि तुम्ही आणखी सतरा वर्षं काढली असतीत तर अँटिक! जरा थांबायला काय झालं होतं?

मग पैठणहून वन्संचा फोन आला. तुमची लेक ती. घरात नवी वस्तू येतेय याचा वास त्यांना गोदावरीच्या काठावर लागला. "वैनी, वर्ष झाल्याबिगर नवी वस्तू घरात आणायची नाय." मी विचारलं, आणि जुनी आणली तर? "सांगते," म्हणून त्यांनी फोन ठेवला. हा प्रश्न आजवर त्यांना कुणी टाकला नसावा. दुसऱ्या दिवशी निकाल आला, "जुनी चालंल." तिसऱ्या दिवशी त्यावर पोटनिकाल आला, "पण जुनी कुणाची हाये त्ये इचार. भलत्याचं माणूस घरात यायचं." म्हणजे नवी आणली तर तुमचा अपमान, आणि जुनी आणली तर तुम्हाला सोबत. यातलं तुम्हाला काय चाललं असतं? दुसरी म्हातारी त्या कोपऱ्यात तुम्ही दोन मिनिटंही खपवून घेतली नसती, हे मी शपथेवर सांगते.

तरी आधी नवा पाहिला. जालना रोडवरच्या एका मोठ्या दुकानात. विकणारा मुलगा टायमध्ये होता आणि अतिशय अभिमानानं सांगत होता, "मॅडम, हे लाकूडच नाहीये, त्यामुळं वाळवीचा प्रश्नच येत नाही." ड्रॉवर बोटानं ढकलला की पुढं आपोआप, हळूच, आवाज न करता मिटायचा. आपल्या घरात ड्रॉवर आपटता आला नाही तर भांडण झालंय हे दुसऱ्याला कळणार कसं? हे सोबत आले होते, पण पाव्हण्यासारखे. एका कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिले. निघताना एकच विचारलं, "उंची किती?" मुलानं सांगितलं, वरच्या काचेच्या कपाटासकट सात फूट. "चांगलंय," म्हणाले आणि बाहेर जाऊन स्कूटरवर बसले.

मग अँटिक. औरंगपुऱ्यातून आत जुन्या शहरात एक चाचा जुनं फर्निचर विकतात. त्यांच्या दुकानातली प्रत्येक वस्तू निजामाच्या काळातली आहे. मला तर शंका आली, की आम्हाला आणून दिलेला चहासुद्धा. "देखो मॅडम, असली सागवान. ऐसा काम अब कोई करताच नहीं." काम खरोखरच सुंदर होतं. काळपट लाकूड, पितळी कड्या, मागं पुरुषभर उंच आरसा. माझी स्टाइल सापडली असं मला क्षणभर वाटून गेलं. तेवढ्यात यांनी पितळी कडी हातात धरून विचारलं, "किसका था?"

"बड़े घर का है साब. अम्मा गुजर गए. बच्चे सब बाहर. जगा खाली करनी थी."

यांनी कडी अशी अलगद खाली सोडली, जसं काही कुणी झोपलंय. उंची विचारली, आणि उत्तर ऐकून दुकानाबाहेर गेले. मी चाचांना म्हटलं, बघते आणि सांगते. त्यांनी मान हलवली. असं म्हणून गेलेली माणसं त्यांनी निजामाच्या काळापासून पाहिली असणार.

राहिला व्हिंटेज. उस्मानपुऱ्यात एक निवृत्त जोडपं मुलाकडं बंगळुरूला चाललंय आणि घर आवरतंय असं कळलं. त्यांच्याकडं ते होतं. त्यांच्या भाषेत शोकेस, आपल्या ऋतूच्या भाषेत साइडबोर्ड. आतून सागवानी, वरून पिवळट सनमायका, सरकत्या काचा आणि चार तिरके बुटके पाय. देखणं म्हणवत नव्हतं. पण त्या बाई ते विकता विकताच पदरानं पुसत होत्या. "ही काच जरा उचलून सरकवायची, म्हणजे अडकत नाही," असं मला दोनदा दाखवलं. आत त्यांच्या कपबशा, स्टीलच्या वाट्या, लोणच्याच्या बरण्या, सगळं अजून जागेवर होतं. मग सहज विचारलं, "तुम्ही काय ठेवणार यात?"

मी काच उचलून सरकवून बघितली. दीड महिना मी वस्तू ठेवायची वस्तू शोधत होते, आणि ठेवायच्या वस्तू कुठल्या, याचा विचारच केला नव्हता. आमच्या घरात मेलामाइनच्या सहा ताटल्या आहेत, आणि लोकांनी वास्तुशांतीला दिलेले न उघडलेले काचेचे बाऊल. त्यांच्यासाठी एवढं उभं करायचं?

घरी येताना वाटेत मला माझा सेट आठवला.

तुम्हाला आठवतोय ना? निळ्या काठाचा, चिनी मातीचा. माझ्या वडिलांनी जालन्याहून एसटीत मांडीवर धरून आणला होता आणि माझ्या रुखवतात मधोमध मांडला होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही तो उचललात. "पाव्हण्यांसाठी ऱ्हाऊ दे." त्यानंतर तो मी पाहिला नाही. पहिल्या वर्षी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "हाये." दहाव्या वर्षी म्हणालात, "आसंल." मग मी विचारणं सोडलं. वडील एकदा जेवायला आले होते, शेवटचे, तेव्हाही त्यांना स्टीलच्या कपात चहा दिला. तो त्यांनी फुंकून फुंकून प्यायला.  हे तुम्हाला कधीतरी सांगायचं होतं, तोंडावर, पण तेव्हा आपलं दुसऱ्याच कशावरून तरी चाललेलं असायचं.

देवघरात तुमचा बटवा आहे. त्यात एक छोटी किल्ली मिळाली. यांना दाखवली. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "दिवाणाच्या पेटीची असेल."

दिवाणाखालच्या त्या कुलपाच्या पेटीची, जिला तुम्ही कुणाला हात लावू दिला नाहीत! म्हणजे तेराव्याला चार माणसांनी जो जडपणा तीन जिने चढवला, तो माझ्या रुखवताचा होता. आम्ही तुमच्या शय्येसोबत माझा टी-सेट दान करून बसलो होतो. मी म्हटलं, उद्याच जाऊ गुरुजींकडं. हे म्हणाले, "दान परत मागत नसतात." वन्संना फोन लावला. त्यांनीही आधी तेच सांगितलं, मग जरा विचार करून म्हणाल्या, "मागायचं नाय वैनी. पर नुसतं बघाया जायला कुणाची मनाई हाये?" मला पहिल्यांदाच वाटलं, ही बाई वकील व्हायला हवी होती.

यांनी रजा काढली, आणि रविवारी हर्सूलला गुरुजींच्या घरी गेलो. गुरुजी आम्हाला दारात पाहून चपापले. विधीत काही राहिलं की काय, असं त्यांना वाटलं असावं. दिवाण स्वयंपाकघराच्या दाराशी होता आणि त्यावर त्यांच्या आई बसल्या होत्या. पेटीचं कुलूप जसंच्या तसं. मी विचारलं, तुम्ही उघडून पाहिलं नाही? गुरुजी म्हणाले, "आजींनी लावलेलं कुलूप आम्ही कसं तोडणार? दान शय्येचं होतं, कुलपाचं नव्हतं." इतकं स्वच्छ उत्तर मला वर्षभरात कुणी दिलं नव्हतं.

त्यांच्या सौभाग्यवती थालीपीठं लावत होत्या, त्यांनी बसवूनच घेतलं. यांना दिवाणाशेजारी स्टूल मिळालं. एक थालीपीठ खाऊन हे ताटली खाली ठेवणार, तोच त्या आजी वाकून ताटलीत बघू लागल्या. आम्ही कोण, कुठले, त्यांना पत्ता नव्हता. "याला लोणी वाढलं नाही का गं? कोरडं काय खातोय हा?"

"पोट भरलं, आजी," हे म्हणाले.

आजींना ऐकूच येत नाही. त्यांनी दुसरं थालीपीठ यांच्या ताटलीत टाकलं, वर लोण्याचा गोळा, आणि हात मांडीवर ठेवून बघत बसल्या. हे मान खाली घालून खात होते. दुसरं संपलं, तिसरं आलं, तेही संपलं. सात महिन्यांत मी हा माणूस असा जेवताना पाहिला नव्हता. माझा घास हातातच राहिला.

मग पेटी उघडली. सेट होता. वर्तमानपत्रात एकेक नग गुंडाळलेला, एकही टवका नाही. बाकी सगळे कप कोरे पांढरे, आणि दोन मात्र आतून तपकिरी. चहाचं वर्तुळ बसलेले. त्यांच्या कानाचा निळा रंगसुद्धा पुसट झालेला.

मी यांच्याकडं पाहिलं. त्यांनी त्या दोनांतला एक कप हातात घेतला. मग म्हणाले, "गुरुवारी. मला सुट्टी, तू कॉलेजात नोकरीवर. आई म्हणायची, काढ रे ते चांगले."

"किती वर्षं?"

"असतील सतरा-अठरा."

"मग सेट पेटीत आहे, हे माहीत होतं तुम्हाला. तरी दिवाण दिलात?"

"वाटलं, जाऊ दे सगळंच. गुरुवारसुद्धा."

गुरुजींच्या घरात होते म्हणून मी नुसते कप परत गुंडाळले. पण आत्याबाई, आता सांगा, याचं मी काय करू? माझ्या वडिलांच्या सेटमध्ये तुम्ही मायलेक अठरा वर्षं गुपचूप चहा पीत होतात, आणि मी पाच वाजता कॉलेजातून यायचे तेव्हा मोरी कोरडी आणि तुम्ही दिवाणावर जपमाळ घेऊन! त्या वयात कप स्वतः विसळून, पुसून, कागदात गुंडाळून परत कुलूप लावायच्या? मी पाव्हणी नव्हते, ते कळतं मला. पण घरचीही नव्हते का? एका गुरुवारी तिसरा कप काढला असता तर काय बिघडलं असतं? की मीच कधी गुरुवारी लवकर आले नाही? मी रागावलेय, का मला हेवा वाटतोय, का मुलगा आईशी अठरा वर्षं असा बसत होता याचं बरं वाटतंय, ते मला अजून ठरवता येत नाही. साइडबोर्डासारखंच झालंय हे. तिन्ही प्रकार समोर आणि निवड होत नाही.

सेट गुरुजींनी आग्रहानं परत दिला; शय्यादानात कपबशा येत नाहीत, म्हणाले. किल्ली मी आजींच्या हातात ठेवली. त्यांनी ती कशाची ते न विचारता आधी पदराच्या टोकाला बांधली.

परत येताना सिग्नलला हे आपणहून म्हणाले, "उस्मानपुऱ्याचा घेऊ."

"का?"

"उंची बरोबर आहे."

घरी आल्यावर टेप काढली, जेवणाच्या खोलीत गेले, आणि जमिनीपासून तुमच्या डागापर्यंत माप घेतलं. साडेतीन फूट भरलं. उस्मानपुऱ्याचा तीन फुटी आहे. दुकानातल्या नव्या साइडबोर्डानं डाग झाकला असता, चाचांच्या आरशानं झाकला असता. यानं झाकत नाही. दीड महिना हा माणूस दुकानादुकानात एकच प्रश्न का विचारत होता, ते मला तेव्हा कळलं. मी काय शोधतेय याचा मला पत्ता नव्हता, आणि त्यांना पहिल्या दिवसापासून होता.

माप लिहायला ते टेबलाशी बसले. त्यांच्या खुर्चीत. मी ताट तिथंच आणून ठेवलं, आणि ते तिथंच जेवले. दीड भाकरी. मग उठायला लागले. माझ्या तोंडात आलं होतं, आत्याबाई. अगदी ओठावर. पण चोवीस वर्षं ज्या दोन शब्दांना मी जुलूम म्हणत आले, ते म्हणायचे कसे? माझ्या तोंडून ते कसे ऐकू येतील? ते हात धुऊन आले, आणि मी त्यांनी न खाल्लेले घास मोजत बसले.

वन्संना कळवलंय. वस्तू नवी नाही, फार जुनीही नाही, आणि ज्यांची आहे ती दोघं धडधाकट आहेत. त्यावर त्यांच्या कलमात काही सापडलं नाही.

उद्या गुरुवार आहे. यांची सुट्टी, आणि मीही रजा टाकलीय. साइडबोर्ड लागला की सेट त्यात मांडीन. कुलूप त्याला नाहीच. ते दोन कप मात्र घासणार नाही. आहेत तसे पुढच्या रांगेत ठेवीन, आणि दुपारी त्यांच्याशेजारी तिसरा काढीन. तो माझ्या वडिलांच्या नावाचा, माझ्या हातात.

आणि जेवताना हे उठायला लागले, की मी म्हणणार आहे. नक्की. भाकरी मोडून हातात तयार ठेवीन, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. ते म्हणतील, पोट भरलं. त्याच्यापुढचं वाक्य मी गेले तीन दिवस ओट्याशी म्हणून बघतेय. तुमच्यासारखं जमत नाही अजून, पण म्हणेन.

दिसतंय ना मला.

तुमची सून,
सुमन